सर रॉबर्ट केन : रसायनशास्त्र, उद्योग आणि एकोणिसाव्या शतकातील आयर्लंड

प्रस्तावना

१८०१ मध्ये आयर्लंडची स्वतंत्र संसद संपुष्टात येऊन तो देश ब्रिटनशी जोडला गेला. त्यानंतर ‘आयर्लंड दरिद्री का?’ हा प्रश्न सातत्याने विचारला जाऊ लागला. राजकीय नेत्यांनी त्याचे उत्तर राजकारणात शोधले. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट केन (१८०९–१८९०) यांनी ते देशाच्या भूगर्भात, नद्यांत आणि शेतीत शोधले. प्रस्तुत लेखात केन यांच्या कार्याचा व त्याच्या मर्यादांचा आढावा घेण्यात आला आहे.

जडणघडण व संशोधन

केन यांचा जन्म डब्लिन येथे झाला. वडिलांचा रसायने तयार करण्याचा कारखाना असल्याने शास्त्र आणि उद्योग यांचे नाते त्यांना बालपणापासून परिचित होते. १८३१ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते डब्लिनच्या अपॉथिकरीज हॉलमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी वैद्यकीय व रसायनशास्त्रीय विषयांना वाहिलेले नियतकालिक सुरू केले. ईथर व तत्सम संयुगांत इथिल हा समान मूलक असल्याची कल्पना त्यांनी १८३३ मध्ये मांडली. जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांनी तीच कल्पना १८३४ मध्ये मांडली आणि ती त्यांच्याच नावाने अधिक प्रसिद्ध झाली. लिटमससारख्या रंगद्रव्यांवरील संशोधनासाठी १८४१ मध्ये केन यांना रॉयल सोसायटीचे रॉयल मेडल मिळाले.

आयर्लंडची औद्योगिक साधनसंपत्ती

१८४४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द इंडस्ट्रियल रिसोर्सेस ऑफ आयर्लंड’ हा केन यांचा सर्वांत प्रभावी ग्रंथ होय. दगडी कोळसा, पीट, जलशक्ती, खनिजे व शेतजमीन यांची त्यांनी पद्धतशीर मोजदाद केली. उत्पादनखर्चात इंधनाचा वाटा मर्यादित असतो. म्हणून इंग्लंडइतका कोळसा नसणे हे मागासलेपणाचे पुरेसे कारण ठरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. खरी उणीव औद्योगिक शिक्षणाची आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. राष्ट्रवादी लेखक थॉमस डेव्हिस यांनी या ग्रंथाचे स्वागत केले.

दुष्काळाची कसोटी

१८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पंतप्रधान पील यांनी नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीत लिंडले व प्लेफेअर यांच्यासोबत केन होते. बटाटे कोरडे ठेवावेत, सडलेल्या बटाट्यांतून स्टार्च काढावा, अशा सूचना समितीने केल्या. परंतु रोगाचे मूळ कारणच तिला उमगले नव्हते. एक सूक्ष्म परोपजीवी बुरशीसदृश जीव या रोगास कारणीभूत असल्याचे डी बारी यांनी १८६१ मध्ये सिद्ध केले. दरम्यान सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडले. १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६६ लाखांवर आली.

संस्थात्मक कार्य

डब्लिन येथील म्युझियम ऑफ आयरिश इंडस्ट्रीचे संचालकपद केन यांनी सांभाळले. १८४५ मध्ये कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजच्या अध्यक्षपदी त्यांची नियुक्ती झाली. हे महाविद्यालय धर्मनिरपेक्ष होते. त्यामुळे १८५० च्या थर्ल्स धर्मपरिषदेने अशा महाविद्यालयांचा निषेध केला. स्वतः कॅथलिक असलेल्या केन यांची त्यामुळे कोंडी झाली. डब्लिनमधील जबाबदाऱ्यांमुळे कॉर्कमधील त्यांची अनुपस्थितीही टीकेचा विषय ठरली. तरीही १८७३ पर्यंत ते त्या पदावर राहिले. १८७७ मध्ये ते रॉयल आयरिश अकादमीचे अध्यक्ष झाले.

समारोप

देशाचे दारिद्र्य निसर्गदत्त नसते, हे केन यांनी आकडेवारीच्या आधारे दाखवून दिले. हे त्यांचे मोठे योगदान होय. मात्र जमीनमालकी, भांडवल आणि राज्यसत्ता यांच्या प्रश्नांना त्यांनी शिक्षणाच्या तुलनेत दुय्यम स्थान दिले. दुष्काळाच्या वर्षांतही आयर्लंडमधून धान्याची निर्यात होत राहिली, ही बाब त्यांच्या विवेचनातील उणीव स्पष्ट करते. साधनसंपत्तीचे ज्ञान आवश्यक असते. परंतु तिच्यावर कोणाचे नियंत्रण आहे, या प्रश्नाचे उत्तर केवळ प्रयोगशाळेत मिळत नाही, हेच केन यांच्या जीवनकार्यावरून दिसून येते.