जिल्हानिष्ठ अनुयायित्व : स्वरूप, पायऱ्या आणि मर्यादा

प्रेक्षक, रसिक आणि अनुयायी या तीन संज्ञा क्रीडाविषयक लेखनात बहुधा एकाच अर्थाने येतात. प्रस्तुत विवेचनात त्या भिन्न मानल्या आहेत. जो एखादी झुंज पाहतो तो प्रेक्षक. त्या झुंजीतील कौशल्य ज्याला कळते आणि त्या जाणिवेतून ज्याला आनंद होतो तो रसिक. झुंज सुरू होण्यापूर्वीच ज्याचे सुखदुःख एका पक्षाशी बांधले गेले आहे तो अनुयायी. प्रेक्षकत्व प्रसंगापुरते असते आणि रसिकत्व अभ्यासाने येते. अनुयायित्वाला यांपैकी काहीच लागत नाही. जालना जिल्ह्याच्या बदनापुरातील एखादा गृहस्थ वर्षभर आखाड्याकडे फिरकला नाही, तरी राज्य अजिंक्यपदाचे निकाल वाचताना त्याची दृष्टी प्रथम ‘जालना’ या शब्दाचा शोध घेते. विवेचनाचा विषय ही दृष्टी आहे.

जिल्हानिष्ठ अनुयायित्वाची तीन लक्षणे मानता येतात. पहिले, निवडीचा अभाव : अनुयायी आपला जिल्हा निवडत नाही, तो त्याला प्राप्त झालेला असतो. दुसरे, पराभवानंतरचे सातत्य. तिसरे, समानाश्रय : खेळाडू आणि अनुयायी एकाच भूभागाचे असणे. यांपैकी पहिल्या लक्षणाने प्रो कबड्डीसारख्या स्पर्धा या विवेचनाबाहेर जातात. २०१४ साली सुरू झालेल्या त्या स्पर्धेत पुणेरी पलटण आणि यू मुम्बा ही नावे स्थानवाचक असली, तरी संघ मालकांचे असतात आणि खेळाडू लिलावातून येतात. बदनापूरच्या माणसाने त्यांपैकी कोणता संघ आपला मानावा, हे त्याच्या इच्छेवर आहे. जेथे इच्छा आहे तेथे आवड संभवते. प्रस्तुत अर्थाने अनुयायित्व संभवत नाही.

येथे पहिला आक्षेप उपस्थित होतो. जिल्हा ही महसुली सोय आहे. तिच्या ठायी निष्ठा कशी उत्पन्न व्हावी? जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी बदनापूर औरंगाबाद जिल्ह्यात होते. महाराष्ट्र केसरी किताबाची पहिली कुस्ती १९६१ साली औरंगाबादेतच झाली आणि दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी ठरले. अर्थात हा किताब जालना जिल्ह्याहून वीस वर्षांनी ज्येष्ठ आहे. त्या वर्षी बदनापूरच्या रहिवाशाचा जिल्हा औरंगाबाद होता. पुढे एका अधिसूचनेने तो बदलला, आणि त्याबरोबर ‘आपला मल्ल’ या पदाची व्याप्तीही बदलली.

आक्षेपाचे उत्तर आयर्लंडच्या उदाहरणातून मिळते. तेथील काउंटी ही आखणी इंग्रजी सत्तेने शतकानुशतके टप्प्याटप्प्याने केली. विकलो ही शेवटची काउंटी १६०६ साली आखली गेली. १८८४ साली थर्ल्स येथे स्थापन झालेल्या गेलिक अॅथलेटिक असोसिएशनने गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या देशी खेळांच्या स्पर्धांसाठी हीच परकी चौकट स्वीकारली. ज्या राज्यसत्तेविषयी लोकांना प्रीती नव्हती, तिनेच आखलेल्या रेषा पुढे तीव्रतम प्रीतीचा विषय झाल्या. मेयो काउंटीने फुटबॉलचे अखिल आयर्लंड अजिंक्यपद १९५१ साली जिंकले. त्यानंतर अंतिम सामन्यात वारंवार हार पत्करूनही तिचे अनुयायी मैदानावर येत राहिले. दुसऱ्या लक्षणाचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण. म्हणून सीमारेषेची कृत्रिमता हा निष्ठेला अडथळा नाही. रेषा कोणीही आखावी. तिच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या एकमेकांविरुद्ध खेळणे एवढेच आवश्यक आहे.

निष्ठा भूतकाळाच्या दिशेनेही पसरते, हे मराठवाड्यातील एका उदाहरणावरून सिद्ध होते. हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० साली एडिंबरा येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळा झाला. किताब मिळाला त्या दिवशी जो जिल्हा नव्हता, त्याच जिल्ह्याचे भूषण म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते, आणि त्यात कोणालाही विसंगती जाणवत नाही. नवा जिल्हा आपले पूर्वज मागाहून निश्चित करतो.

आश्रयाचे, म्हणजे जिल्ह्याचे, स्वरूप निश्चित झाल्यावर पायऱ्यांचा विचार करता येतो. कुस्तीत त्या चार आहेत : गावच्या जत्रेतील फड, तालुका, जिल्हा आणि राज्य. प्रत्येक पायरीवर ‘आपला’ या पदाची व्याप्ती वाढते आणि मागील पायरीवरचा प्रतिस्पर्धी पुढील पायरीवर आपला होतो. जत्रेत भोकरदनचा पैलवान बदनापूरच्या पैलवानाविरुद्ध उतरला तर तो परका. तोच जिल्ह्याच्या निवड चाचणीतून राज्य स्पर्धेस गेला तर जालन्याचा. आणि राष्ट्रीय स्पर्धेत हरियाणाच्या मल्लासमोर उभा राहिला तर महाराष्ट्राचा. येथे आयर्लंडशी महत्त्वाचा भेद आहे. तेथे काउंटी ही व्यवहारतः शेवटची पायरी होय. प्रांतांच्या सामन्यांना पुढे अनुयायी फारसे उरले नाहीत आणि त्यापलीकडे खेळाला विस्तृत जग नाही. म्हणून निष्ठेचा संपूर्ण भार काउंटीवर पडतो. आपला जिल्हा ही मधली पायरी आहे. तिच्याखाली गाव अधिक जवळचे आणि तिच्यावर राज्य अधिक मोठे. जिल्हानिष्ठेचा जो मंदपणा आपल्याकडे दिसतो, त्याचे एक कारण लोकांची उदासीनता नसून ही रचना आहे.

दुसरे कारण तिसऱ्या लक्षणात, म्हणजे समानाश्रयात, आहे आणि ते अधिक विस्ताराने पाहिले पाहिजे.

‘जिल्ह्याचा मल्ल’ या पदाचे तीन अर्थ होतात : (१) जन्माने त्या जिल्ह्याचा, (२) तालमीने, म्हणजे वस्तादाकडील शिक्षणाने, त्या जिल्ह्याचा, (३) प्रतिनिधित्वाने त्या जिल्ह्याचा. आयर्लंडमध्ये हे अर्थ बहुधा एकत्र राहतात. खेळाडू आपल्या परिसरातील क्लबकडून खेळतो, क्लबमधून काउंटीच्या संघात जातो, आणि खेळाबद्दल वेतन घेत नाही. शिक्षक, शेतकरी किंवा पोलीस म्हणून त्याच लोकांत वावरतो. स्थलांतरास नियमाने वाव आहे, परंतु तो अपवाद होय. कुस्तीत हे तिन्ही अर्थ एकत्र असतात ते केवळ पहिल्या पायरीवर. जत्रेच्या फडात रेवड्यांवर सुटणाऱ्या पोरांच्या कुस्त्यांपासून चढत्या इनामाच्या कुस्त्यांपर्यंत जो गावचा पैलवान उतरतो, त्याचे घर, त्याच्या बापाची जमीन आणि त्याच्या खुराकाची ओढाताण, सर्व प्रेक्षकांना ठाऊक असते. (शेवटची, सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती मात्र अपवाद, तिची जोड यात्रा कमिटी बहुधा बाहेरून बोलावते.) पायरी जितकी वर, तितकी या तीन अर्थांची फारकत अधिक.

फारकतीची कारणे दोन. प्रथम, राज्य स्पर्धेत प्रत्येक जिल्ह्याच्या जागा मर्यादित असतात. कोल्हापूर, पुणे, सोलापूर, सांगली येथे जागांहून मल्ल अधिक. अन्य अनेक जिल्ह्यांत उलट स्थिती. शहर आणि ग्रामीण असे स्वतंत्र संघ करूनही ही विषमता संपत नाही. सबब बलाढ्य जिल्ह्यातील मल्ल दुसऱ्या जिल्ह्याच्या नावावर उतरतो. द्वितीय, उच्च शिक्षण देणाऱ्या तालमी मोजक्या शहरांत एकवटल्या आहेत. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने जी परंपरा दृढ झाली, तिचे आकर्षण आजही कायम आहे. अलीकडे पुण्याने तिच्याशी बरोबरी साधली आहे. बिराजदारांनाही मराठवाड्यातून कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत जावे लागले होते.

या फारकतीचे परिपूर्ण उदाहरण प्रत्यक्ष जालन्यातच घडले. डिसेंबर २०१८ मध्ये जालना येथील आझाद मैदानावर महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. प्रथेप्रमाणे माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात गदेसाठी अंतिम कुस्ती झाली. मातीवरून आलेला बाला रफिक शेख बुलढाण्याचा प्रतिनिधी होता. गादीवरून आलेला अभिजित कटके पुण्याचा आणि गतविजेता. रफिकने ही कुस्ती ११-३ अशी जिंकली. निकालपत्रात बुलढाण्याचे नाव लागले. परंतु रफिक मूळचा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचा, कोल्हापुरात गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली घडलेला, पुढे पुण्यात सराव केलेला. जन्म, शिक्षण, सराव, प्रतिनिधित्व आणि विजयस्थान असे पाच संबंध, पाच भिन्न जिल्ह्यांशी. पुढील स्पर्धेत, जानेवारी २०२० मध्ये, हीच स्थिती वेगळ्या रूपाने दिसली. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके अंतिम फेरीत भिडले. दोघेही पुण्यात काका पवार यांचे शिष्य, आणि सदगीर जन्माने अकोल्याचा, म्हणजे तत्कालीन अहमदनगर जिल्ह्याचा. नाशिक आणि लातूरच्या अनुयायांनी ज्या झुंजीला दोन जिल्ह्यांची झुंज मानले, ती तालमीच्या दृष्टीने घरातली जोड होती.

येथवरच्या विवेचनावरून अनुयायांचे तीन प्रकार निष्पन्न होतात. पहिला नामनिष्ठ : त्याला निकालपत्रातील जिल्ह्याचे नाव पुरेसे असते, मल्ल कोठला याची तो चौकशी करत नाही. दुसरा आश्रयनिष्ठ : जो मल्लाच्या खुराकाला हातभार लावतो, फडाची वर्गणी देतो, इनाम पुकारतो. त्याचा संबंध एका विशिष्ट मल्लाशी असतो, आणि तो मल्ल दुसऱ्या जिल्ह्याकडून उतरला तरी हा त्याच्यामागे जातो. तिसरा कौशल्यनिष्ठ, जो वस्तुतः रसिकत्वाच्या सीमेवर उभा आहे. नामनिष्ठाला अज्ञानी ठरवण्याची प्रवृत्ती जाणकारांत आढळते. ती अयोग्य होय. समानाश्रय हे तिसरे लक्षण दुर्बळ झाल्यावरही जिल्हानिष्ठा टिकून राहते ती त्याच्याच आधाराने, कारण पहिली दोन लक्षणे त्याच्यात निखळ स्वरूपात असतात.

२०१८ च्या अंतिम कुस्तीत जालन्याचा मल्ल नव्हता. यजमान जिल्ह्याच्या अनुयायाला पक्ष उरला नव्हता. अशा वेळी पक्षपाताचे तीन आधार संभवतात : शेजार, कारण बुलढाण्याची सीमा जालन्याला लागून आहे; बलाढ्याविरुद्धची सहानुभूती, कारण पुण्याच्या मल्लाकडे आधीची गदा होती; आणि मातीचा अभिमान, कारण मराठवाड्यातील गावोगावचे फड मातीतच भरतात. तिन्ही आधार त्या दिवशी एकाच मल्लाकडे निर्देश करत होते. ते परस्परविरुद्ध दिशांना गेले असते तर त्यांपैकी कोणता प्रबळ ठरतो, हे कळले असते. जालन्याच्या स्पर्धेने ती परीक्षा घेतली नाही.

तिसऱ्या, म्हणजे कौशल्यनिष्ठ, प्रकाराची शक्ती जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत दिसली. सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत महेंद्रला मिळालेल्या चार गुणांवरून राज्यभर वाद झाला. बाहेरची टांग हा डाव पूर्ण लागला की नाही, प्रतिस्पर्ध्याची पाठ धोक्याच्या स्थितीत आली की नाही, यावर चौकाचौकात चर्चा झाली. दोघेही मूळचे सोलापूर जिल्ह्याचे. म्हणजे वादातील बाजू जिल्ह्यांवरून ठरण्याचा प्रश्नच नव्हता. जिल्हा बाजूला पडला असता अनुराग नाहीसा होत नाही. तो डावाकडे आणि पंचाच्या निर्णयाकडे वळतो.

सांघिक खेळांचा विचार संक्षेपाने पुरे. कबड्डीत राज्य अजिंक्यपद जिल्हावार संघांत खेळले जाते. एक खेळाडू बाहेरचा असला तरी उरलेले संघाला जिल्ह्याचे ठेवतात, म्हणून तेथे फारकत सौम्य असते. क्रिकेटमध्ये जिल्हा जवळजवळ लुप्त होतो. जालन्याच्या विजय झोलने महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. जालन्याच्या अनुयायाला तेथे जन्मस्थानाखेरीज धरण्यासारखे काहीच नव्हते.

राहते एक अट, जी आतापर्यंत गृहीत धरली होती : स्पर्धेची एकमेवता. आयर्लंडमध्ये अखिल आयर्लंड अजिंक्यपद एकाच संघटनेच्या हाती आहे. महाराष्ट्रात कुस्तीगीरांच्या संघटनांतील वादामुळे २०२३ साली फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. पहिलीत सिकंदर शेख आणि दुसरीत शिवराज राक्षे विजेते ठरले. २०२५ सालीही अहिल्यानगर आणि कर्जत येथे दोन स्पर्धा होऊन पृथ्वीराज मोहोळ आणि वेताळ शेळके यांनी किताब घेतले. पूर्वोक्त तीन लक्षणांपैकी एकही याने प्रत्यक्ष बाधित होत नाही. परंतु स्पर्धा दोन म्हणजे निवड चाचण्या दोन, आणि चाचण्या दोन म्हणजे एकाच वजनगटात जालन्याचे दोन प्रतिनिधी संभवतात. कौशल्यनिष्ठाला दोन्ही कुस्त्या पाहता येतात आणि आश्रयनिष्ठ आपल्या मल्लामागे जातो. अडचण नामनिष्ठाची होते, कारण निकालपत्रातील एका नावावर त्याची सर्व निष्ठा उभी असते आणि आता निकालपत्रेच दोन आहेत.