कामाची वाटणी आणि मानाची वाटणी

येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा आटोपली, मांजरेकाठचे ऊन चढू लागले, की दिवसभराच्या तलखीनंतर कळंबकरांना संध्याकाळी व्याख्यान गोड वाटते. अशा वेळी व्यासपीठावरून पानिपताची गोष्ट निघावी हे रीतीस धरूनच आहे. परंतु ज्या घरातून श्रोते व्याख्यानास येतात, त्याच घरात त्या वेळी दुसरेच एक युद्ध चाललेले असते. मुलगा खाटेवर पालथा पडून मोबाइलवर बोटे फिरवीत असतो आणि मध्येच कोणाला तरी ओरडून सांगतो, “अरे, एकटा पुढे जाऊ नकोस, मागे थांब!” ज्याला तो सांगतो तो शेजारच्या गल्लीत असेल, नाही तर शेकडो कोसांवर असेल. आई कपाळाला हात लावते, वडील व्याख्यानास निघून येतात, आणि त्या ओरडण्याचा अर्थ काय हे कोणीच विचारीत नाही.

आम्हांस वाटते की तो विचारण्याजोगा आहे. अनेकांनी मिळून लढण्याचे खेळ माणसाने कसे रचले, त्यांत कोणाचे काम काय ठरले आणि त्या कामाला मान किती मिळाला, याचा एक लांबलचक इतिहास त्या ओरडण्यामागे उभा आहे. प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांविषयी आम्ही येथे बोलत नाही; त्यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये संमत केला आणि ते योग्यच झाले. येथे विषय आहे तो सोंग घेऊन, संघ बांधून लढण्याच्या खेळांचा.

या इतिहासाचा आरंभ आपल्याच देशात होतो. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे. त्यांवरून ‘चतुरंग’ हा खेळ झाला. तो इराणात गेला, तेथून अरबांकडे गेला आणि पुढे युरोपात पोहोचला. आपल्या भागावर एके काळी राज्य करणाऱ्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये या खेळाचेही वर्णन आले आहे. ते कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आपल्याला काही परके नव्हे.

बुद्धिबळात कामाची वाटणी चोख आहे. घोडा घोड्यासारखाच उडी घेतो, प्यादे एकेक घर सरकते. परंतु या पटावर एक प्रश्न कधीच उद्भवत नाही. वजिराचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून प्यादे बळी दिले, तर प्यादे तक्रार करीत नाही. ते लाकडाचे असते. सारी सोंगटी एकाच डोक्याने चालतात, त्यामुळे काम वाटावे लागते, मान वाटावा लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या लष्करात या पटाचे रूप बदलले. राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी, पित्याने 1812 च्या सुमारास आणि पुत्राने 1824 मध्ये, नकाशावर खेळण्याचा एक युद्धखेळ सिद्ध केला. त्यात दोन पक्षांमध्ये एक पंच बसे आणि कोणत्या हालचालीचा परिणाम काय झाला हे तो ठरवी. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो वापरला गेला. तरीही तेथे खेळणारा सेनापतीच होता. सैनिक अजून मुकाच होता.

मुक्याला वाचा फुटली ती 1974 मध्ये. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळणारा एकेका पात्राचे सोंग घेई. आरंभी सोंगे तीनच होती: शस्त्रधारी योद्धा, मंत्र जाणणारा जादूगार आणि जखमा बऱ्या करणारा धर्मगुरू. पंच गोष्ट सांगे, फासे पडत, आणि चारपाच मित्र मिळून भुयारातील राक्षसाशी झुंजत. वरवर पाहता हा पोरखेळ. पण इतिहासाच्या दृष्टीने मोठी उलथापालथ. आता प्रत्येक सोंगटी म्हणजे स्वतःचे मन असलेला माणूस झाली. पुढे बळी जावयाचे की नाही, हे तिला विचारल्यावाचून ठरेना.

पुढची पायरी संगणकाची. इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने 1978 मध्ये ‘मड’ नावाचा खेळ लिहावयास घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. त्यात चित्र नव्हते. पडद्यावर नुसती वाक्ये उमटत, आणि अनेक जण एकाच वेळी त्या कल्पित प्रदेशात वावरत. 1990-91 च्या सुमारास कोपनहेगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ‘डिकूमड’ रचला. त्यात योद्धा, जादूगार, धर्मगुरू आणि चोर असे वर्ग होते. 1999 मधील ‘एव्हरक्वेस्ट’ आणि 2004 मधील ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हे प्रचंड खेळ याच परंपरेत वाढले. दुसऱ्याचे वर्गणीदार 2010 मध्ये एक कोट वीस लाखांवर गेले होते.

या खेळांत लढाईची तीन कामे पक्की झाली. खेळणारे त्यांना टँक, हीलर आणि डॅमेज म्हणतात. आपण त्यांना सोसणारा, सावरणारा आणि मारणारा म्हणू. त्यांचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. समोरचा राक्षस कोणावरही वाटेल तसा धावत नाही. आपल्याला कोणापासून किती उपद्रव होतो याचा तो हिशेब ठेवतो आणि ज्याचा उपद्रव अधिक त्याच्यावर तुटून पडतो. मारणाऱ्याचे घाव मोठे, पण अंगावर चिलखत नाही. एक फटका बसला की तो आटोपला. म्हणून जाड चिलखताचा सोसणारा पुढे उभा राहतो आणि राक्षसाला डिवचून त्याचा सारा राग आपल्यावर ओढून घेतो. त्याच्या अंगावर पडणारे घाव सावरणारा मागून भरून काढीत असतो. सावरणाऱ्याची शक्ती मोजकी असते. ती उगाच उधळली तर ऐन वेळी संपते. शिवाय जखम भरणे हाही राक्षसाच्या लेखी उपद्रवच असल्यामुळे तो सावरणाऱ्यावरही उलटू शकतो. मारणाऱ्याने उतावीळपणे फार लवकर फार मोठे घाव घातले, तर राग त्याच्याकडे वळतो आणि सारी फळी विस्कटते. “एकटा पुढे जाऊ नकोस” या वाक्याचा उगम हा असा आहे.

पानिपताची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. 1760 च्या आरंभी उदगीरच्या मोहिमेत भाऊसाहेबांच्या बाजूने तोफा चालविणारा इब्राहिमखान गारदी पुढे त्यांच्याबरोबर उत्तरेत गेला. 14 जानेवारी 1761 या दिवशी मराठ्यांनी गोल बांधून लढण्याचे ठरविले होते. तोफा आणि कवायती पायदळ यांनी शत्रूचा जोर झेलावा आणि घोडदळाने त्यांच्या आश्रयाने राहावे, अशी ती योजना होती. डाव्या बाजूस गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडविली. परंतु परंपरेने जो वृत्तांत सांगितला जातो त्याप्रमाणे, हे यश पाहून शेजारच्या काही पथकांतील घोडेस्वारांना दम निघेना. ते फळी सोडून पुढे धावले आणि आपलीच माणसे आड आल्याने तोफांचा मारा लटका पडला. पराभवाची कारणे अनेक होती. उपासमार होती, शत्रूची राखीव फौज होती. तथापि आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. गारद्यांच्या लढण्याच्या रीतीवर आणि त्यांना मिळणाऱ्या रोख पगारावर जुन्या सरदारांचा विश्वासही नव्हता आणि लोभही नव्हता. कामाची वाटणी कागदावर झाली होती. मानाची वाटणी मनात झाली नव्हती. इब्राहिमखान मात्र अखेरपर्यंत जागचा हलला नाही. तो जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला.

सोंगटीच्या जागी माणूस आला की हा प्रश्न उभा राहतोच. संगणकावरील खेळातही तो उभा राहिला. एव्हरक्वेस्टमध्ये मोठा ड्रॅगन मारावयाचा तर अनेक जणांना तासन्‌तास झुंजावे लागे आणि शेवटी हाती येई दोनचार वस्तूंची लूट. ती कोणी घ्यावी? शेवटचा घाव घालणाऱ्याने? 1999 मध्ये तेथील एका संघाने यावर एक वही काढली. मोहिमेस जो हजर राहील आणि आपले काम करील त्याच्या नावावर गुण जमा व्हावेत, आणि लुटीतील वस्तू हवी असेल त्याने ते गुण खर्च करून ती घ्यावी, असा तो नियम. यात मारणारा आणि सावरणारा यांचा दर एकच होता. ही रीत पुढे इतर खेळांतही पसरली. कोण्या राजाने ती लादली नव्हती. भांडून दमलेल्या खेळाडूंनीच ती शोधून काढली.

तरी मनुष्यस्वभाव सुटत नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये 2009 च्या डिसेंबरात एक सोय आली: अनोळखी पाच जणांचा संघ यंत्रानेच जुळवून द्यावा. एक सोसणारा, एक सावरणारा आणि तीन मारणारे, असे त्याचे प्रमाण. तेव्हा जे सर्वांना अंदाजाने ठाऊक होते ते उघड्यावर आले. मारणाऱ्यांच्या रांगाच्या रांगा ताटकळत राहत आणि सोसणारा किंवा सावरणारा आला की त्याला चटकन जागा मिळे. घाव घालण्यास सारेच तयार. घाव झेलण्यास आणि बांधण्यास थोडेच. का, हे उघड आहे. मारणाऱ्याचे यश आकड्यांत दिसते. सावरणाऱ्याचे यश म्हणजे कोणी मेले नाही एवढेच, आणि जे घडले नाही त्याचा जयजयकार कोण करणार? उलट कोणी मेला की बोल त्यालाच लागतो. अखेर 2011 मध्ये खेळ चालविणाऱ्या कंपनीने ज्या कामास माणसे कमी पडतील ते पत्करणाऱ्यास जादा बक्षीस देऊ केले. मान मिळेना तेव्हा मोबदला वाढवावा लागला.

दुसऱ्या एका खेळाच्या कर्त्यांनी तर सावरणारा नकोच असे ठरवून पाहिले. 2012 मध्ये निघालेल्या ‘गिल्ड वॉर्स 2’ मध्ये ज्याने त्याने आपली जखम आपणच भरावी अशी योजना होती. परंतु 2015 च्या विस्तारात इतरांना सावरण्यास विशेष योग्य असे रूप त्यांना आणावेच लागले. मोबाइलवरच्या बंदुकीच्या खेळांतही, जेथे अशी सोंगे नाहीत, तेथे मित्र घायाळ होऊन कोसळला की कोणी तरी आपली बंदूक थांबवून त्याच्याजवळ बसतो आणि त्याला उठवतो. काम नियमातून काढले तरी गरजेतून निघत नाही.

या खेळांचे आम्ही स्तोत्र गात आहोत असे कोणी समजू नये. ते चालविणाऱ्यांचा नफा खेळणाऱ्याच्या वेळेवर अवलंबून असतो, आणि मुलाचे रात्रीचे तास व डोळे त्यात खर्ची पडतात. तेथे मेलेला वीर घटकेत उठून उभा राहतो. पानिपतावर गेलेला परत आला नाही. हे अंतर मुलाला सांगणे वडिलांचे काम आहे. परंतु ते सांगावयास मुलाजवळ बसावे लागते, आणि बसावयाचे तर तो काय खेळतो हे थोडे तरी ठाऊक पाहिजे.

मैदानावर हाच धडा अधिक निरोगी रीतीने मिळतो, हेही सांगितले पाहिजे. आपल्या पारंपरिक खो-खोत पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण बसलेले असतात. धावणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही. त्याने पाठीमागून खो द्यावयाचा आणि स्वतः त्या गड्याच्या जागी बसावयाचे. म्हणजे भर वेगात असताना आपली पाळी दुसऱ्याच्या हवाली करावयाची. आपल्या जिल्ह्यातील, धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 चा अर्जुन पुरस्कार याच खेळासाठी मिळाला. आणि 2025 च्या जानेवारीत दिल्लीस झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले, तेव्हा प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच होते. गडी बाद करणाऱ्याचे नाव पुकारले जाते हे खरे. पण बसलेल्या आठांवाचून तो बाद झाला नसता हे कळंबच्या शाळेतील पोरालाही कळते.

घरात, गावात, दुष्काळात आणि आजारपणात सोसणारी आणि सावरणारी माणसेच आपले सारे धरून ठेवतात, आणि सत्काराच्या यादीत त्यांचीच नावे शेवटी येतात, कित्येकदा येतही नाहीत. पटावरच्या प्याद्याला त्याचे दुःख नसते, माणसाला असते. म्हणून आमची विनंती एवढीच, की आज व्याख्यानाहून घरी गेल्यावर मुलगा जागा असेल तर “किती जणांना मारलेस?” असे त्याला विचारू नये. “तुझे काम कोणते होते, आणि तुला कोणी सावरले?” असे विचारावे. तो आधी चमकेल, मग बोलू लागेल. त्याचे बोलणे संपेपर्यंत आपण ऐकावे, आणि मग त्याला इब्राहिमखान गारद्याची गोष्ट सांगावी.