राजदूत ते सीडी १०० : आपल्या हातानं उघडता येणारी गाडी



आजची नोंद पिकाची नाही. सोयाबीन निघालं, हरभऱ्याच्या पेरणीला अजून आठवडा आहे, म्हणून दोन दिवस जुन्या गाडीला दिले. त्याचीच ही नोंद, आणि थोडा गाडीचा इतिहास.

झालं असं की गल्लीत भंगारवाला आला. आमची १९९६ ची हिरो होंडा सीडी १०० गोठ्याच्या पडवीत तीन वर्षं उभी. पोरगं म्हणालं, "आप्पा, द्या आता. जागा तरी मोकळी होईल." भंगारवाल्यानं जो भाव सांगितला तो लोखंडाचा होता, किलोवर. मी हो म्हणणारच होतो. पण असंच एकदा २००३ साली हो म्हणून बसलोय. ती चूक सांगायची तर गाडी खेड्यात कशी आली तिथपासून सांगावं लागेल.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं मोटारसायकल म्हणजे फौजदाराची, नाहीतर बड्या बागायतदाराची. १९५५ पासून मद्रासला बुलेट बनायला लागली, ती मुळात लष्कराच्या मागणीमुळं. १९६१ ला म्हैसूरच्या कारखान्यातनं जावा निघाली, तीच पुढं येझदी झाली. आणि १९६२ ला एस्कॉर्ट्सनं राजदूत काढली. एस्कॉर्ट्सचं नाव आपल्याला ट्रॅक्टरमुळं माहीत आहे. त्यांचे सुरवातीचे ट्रॅक्टर पोलंडच्या उर्सुस कंपनीच्या मदतीनं बनले, आणि राजदूतही पोलंडच्याच एसएचएल एम-११ या गाडीवरनं बनवलेली. म्हणजे एकाच देशातनं आपल्याकडं नांगरटीचं यंत्र पण आलं आणि दुधाचे कॅन वाहणारं पण.

राजदूत १७५ चं इंजिन १७३ सीसीचं, टू स्ट्रोक, तीन गिअर. पुढच्या चाकाला आजच्यासारखे सरळ नळीचे शॉकअप नव्हते. चाकाच्या मागनं येणारा जाड पाळणा आणि त्याला दोन शॉकअप. पळायला फार जोरात नाही, पण दोन बाजूला दुधाचे कॅन, मागं पेंडीचं पोतं आणि खाली गाडीवाट असली तरी ती चालायची. खेड्यात ती टिकली ती त्यामुळं.

पण टू स्ट्रोकची एक अट असते. त्याच्या क्रँकच्या भागात वंगणाचं तेल साठवलेलं नसतं. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, लिटरला चाळीस-पन्नास मिली, आणि तेच पेट्रोल आत जाताना क्रँकला, बेअरिंगला, पिस्टनला वंगण देत जातं. म्हणजे तेल घालायला विसरलात की इंजिन कोरडंच चालणार.

आमच्या आबांनी १९८३ ला जुनी राजदूत घेतली. १९८७ च्या उन्हाळ्यात दूध घालून परत येताना मी घाईत पंपावर नुसतं पेट्रोल घेतलं, तेल घेतलंच नाही. चार-पाच किलोमीटरवर गाडी ओढायला लागली, इंजिन किरकिरलं आणि मागचं चाक एकदम जाम झालं. पिस्टन आत चिकटला होता. गाडी ढकलत घरी आणली. आबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दावणीच्या बैलाला पाणी पाजल्याशिवाय जेवत नाहीस ना? मग हिला का विसरलास?" तालुक्याला नेऊन बोअर करून आणला, नवा पिस्टन बसवला. तोवर तीन आठवडे मी सायकलीवर दूध घातलं. तेल परत विसरलो नाही.

त्या गाडीनंच आम्हाला काम शिकवलं. हत्यारं किती? दोन-चार पाने, प्लगचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, एक पॉलिश पेपरचा तुकडा. पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपरनं घासून पुसायचे. पॉइंटवर मोठी निळी ठिणगी दिसायला लागली की कंडेन्सर गेला असं समजायचं. प्लगची फट बघायला फिलर गेज कुणाकडं होतं? हॅक्सॉ ब्लेड आत सरकवायचं. त्याची जाडी साधारण ०.६५ मिलिमीटर असते, कामापुरतं माप बरोबर यायचं. जळालेल्या तेलाचा कार्बन धुराच्या वाटेत साचायचा, गाडी चढ चढेनाशी व्हायची. मग हेड खोलून कार्बन खरवडायचा, सायलेन्सरची आतली जाळी काढून शेणीच्या आरात भाजायची आणि ठोकून झटकायची. गावात प्रत्येक आळीत दोन माणसं अशी होती की ज्यांना हे सगळं यायचं, आणि ती मेकॅनिक नव्हती, शेतकरीच होती.

१९८४ ते १९८६ मध्ये जपानी कंपन्या भागीदारीत आल्या. सुझुकी, यामाहा, कावासाकी यांच्या शंभर सीसीच्या गाड्या टू स्ट्रोकच होत्या. हिरो होंडाची सीडी १०० वेगळी निघाली. १९८५ ची ही ९७.२ सीसीची गाडी फोर स्ट्रोक होती. इंजिनाचं तेल वेगळं, खाली साठवलेलं, पेट्रोलमध्ये काही मिसळायचं नाही. लिटरला ऐंशी किलोमीटरची जाहिरात. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असा तिचा प्रचार होता. १९९४ ला स्प्लेंडर आली आणि शेतकऱ्याच्या दारात हीच गाडी ठरून गेली. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. २००० साली धुराचे नियम कडक झाले, टू स्ट्रोकचा जमाना मागं पडत गेला.

गाडी चांगली होती, यात शंका नाही. पैसा वाचला, वेळ वाचला. पण विसरून जा हे आपण फारच मनावर घेतलं. राजदूत रोज काहीतरी मागायची म्हणून रोज तिच्याकडं बघणं व्हायचं. सीडी १०० मागत नव्हती म्हणून बघणं बंद झालं. तेल बदलायचं ते आवाज बदलल्यावर. तिची चेन पूर्ण डब्यात झाकलेली, दिसतच नाही, मग ती असते हेच ध्यानात राहत नाही.

आता २००३ ची गोष्ट. राजदूत दोन-तीन वर्षं उभीच होती. आबा थकले होते. एक दिवस किक मारून बघितली, लागता लागेना. लागली की आपोआप रेस व्हायची आणि बंद पडायची. मी म्हटलं इंजिन गेलं, आणि किलोवर देऊन टाकली. आबा पडवीत बसून बघत होते, काही बोलले नाहीत. पुढं बऱ्याच वर्षांनी तालुक्याच्या एका जुन्या मिस्त्रीला सहज लक्षणं सांगितली. तो म्हणाला, "अहो, क्रँकचं ऑइल सील वाळलं असणार. टू स्ट्रोक उभी राहिली की रबर कडक होतं, तिथनं हवा ओढते." म्हणजे रबराच्या दोन चकत्यांचं काम. ते शिकलेलं मी विसरलो होतो. आबा तोवर गेले होते.

म्हणून यंदा भंगारवाल्याला परत पाठवलं. पोराला म्हटलं, दोन दिवस माझ्याबरोबर बस, मग तू म्हणशील तसं करू. काय काय केलं ते क्रमानं लिहितो, कुणाच्या उपयोगाला येईल.

आधी चिखल. काळी माती मडगार्डच्या आत वाळून दगड झालेली असते, ओल धरते आणि पत्रा आतनं खाते. लाकडी काठीनं खरवडली. इंजिनला रॉकेल आणि ब्रश, मग साधं शाम्पूचं पाणी. वीज जोडणीवर पाण्याचा फवारा मारला नाही. सीटखाली उंदरानं दोन वायरी कुरतडलेल्या, त्या जोडून टेप गुंडाळली. कॅरिअर मात्र चाळणी झालेलं. त्यावरनं आपण पोटॅशची पोती वाहिली, आणि पोटॅश म्हणजे क्लोराईडचं मीठच. खत वाहिल्यावर गाडी त्याच दिवशी धुवायला पाहिजे होती.

मग टाकी. जुनं पेट्रोल काढलं, तर तळाला पाणी आणि गंज. इथं आपल्या उसाचा संबंध येतो. २००३ पासून आपल्या राज्यासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल सुरू झालं, आता ते २० टक्क्यांवर आलंय. त्यातलं बरंच आपल्या कारखान्यांचं. शेतकरी म्हणून ते मला हवंच आहे. पण इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पाणी जास्त झालं की ते पाण्यासकट तळाला वेगळं होतं. जुन्या कार्बोरेटरचं रबर या इंधनासाठी बनवलेलं नाही, ते फुगतं नाहीतर चिरतं. म्हणून जुनी गाडी महिनाभराच्या वर उभी करायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. आम्ही टाकीत रॉकेल आणि वीस नट टाकून हलवली, तीनदा. नट टाकताना मोजले आणि काढताना पण मोजले, एक जरी आत राहिला तरी खडखडत राहतो.

कार्बोरेटरची वाटी उघडली, आत हिरवट-पांढरा थर. जेट हवेनं फुंकून साफ केले. त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल प्यायला लागते. रबराचं किट नवीन घातलं. हवेच्या फिल्टरचा फोम रॉकेलात धुऊन, वाळवून, तेलात बुडवून पिळून बसवला. तुमच्या गाडीचा फिल्टर कागदी असेल तर धुवू नका, बदला.

इंजिनचं तेल काढलं तर डांबरासारखं, आणि जेवढं भरतो त्याच्या निम्मंसुद्धा निघालं नाही. हे सगळं माझं दुर्लक्ष. तीन वर्षं उभ्या इंजिनला एकदम किक मारली नाही. प्लग काढून भोकातनं थोडं तेल सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी किक हातानं दाबून बघितली. पिस्टन मोकळा होता. नवीन तेल भरलं. नव्या प्लगची फट ब्लेडनं बघितली. पोरगं हसलं, पण ब्लेड त्यानंच धरलं.

चेनचा डबा खोलून चेन रॉकेलात धुतली, नव्वद नंबरचं तेल दिलं, बोटभर ढील ठेवली. ब्रेकचे लायनर बदलले. ड्रममधली धूळ तोंडानं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा, जुन्या लायनरची धूळ छातीला वाईट. रिमच्या क्रोमवरचा गंज चपात्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदानं पाण्यात भिजवून घासला, बराचसा निघाला. वर तेलाचा हात फिरवला. टाकीला रंग दिला नाही. आबांच्या कडोशीच्या चाव्यांनी टाकीच्या कडेला पडलेले ओरखडे आहेत, ते राहू दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सातव्या-आठव्या किकला लागली. धूर केला, मग आवाज बसला.

रस्त्यावर न्यायची तर कागद बघा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, पुढं दर ५ वर्षांनी. आणि द्यायचीच ठरली तर नोंदणी रद्द केल्याशिवाय भंगारात देऊ नका, गाडी तुमच्या नावावरच राहते.

एप्रिल २०२० पासून नवीन गाड्यांना बीएस-६ चे नियम आले. कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. धूर कमी झाला, ते बरंच झालं. पण बिघाड शोधायला आता यंत्र जोडावं लागतं, हॅक्सॉ ब्लेडनं भागत नाही. म्हणजे आपल्या पडवीत ज्या कार्बोरेटरच्या गाड्या उभ्या आहेत, त्या आपल्या हातानं पूर्ण उघडता येणाऱ्या शेवटच्या गाड्या. आपल्या पोरांना इंजिन आतनं कसं चालतं हे दाखवायला दुसरं काही उरलेलं नाही. स्प्रे पंपाचं, पॉवर टिलरचं छोटं इंजिन बिघडलं की हीच माहिती कामाला येते.

पोराचा निर्णय अजून व्हायचाय. पण काल संध्याकाळी बघितलं तर त्यानं पडवीच्या खुंटीला एक जुनी वही अडकवलीय. पहिल्या पानावर तारीख, किलोमीटरचा आकडा, आणि पुढं लिहिलंय: तेल बदललं.

पेरणी झाली की हरभऱ्याची नोंद टाकतो. तुमच्याकडं राजदूत, येझदी, जुनी सीडी उभी असेल तर देण्याआधी एकदा किक हातानं दाबून बघा.