पेशवाईंतील लेखणीचित्रण : गंगाराम तांबटाच्या शिक्षणाचा मागोवा

१. जुन्या दप्तरांत एखादें पूर्ण चित्र सांपडलें म्हणजे त्याचें कौतुक होतें. परंतु तें काढण्यास हात कसा वळला हें सांगणारे कागद बहुधा रद्दी समजून बाजूस टाकले जातात. गिरविलेल्या रेषा, अर्धवट सोडलेला घोड्याचा पाय, लेखणीचें टोंक पाहण्याकरितां मारलेले फराटे, असें या कागदांचें स्वरूप असतें. नवशिक्या कसा शिकला याचा प्रत्यक्ष पुरावा मात्र त्यांतच राहिलेला असतो. प्रस्तुत निबंधांत पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट याचें उदाहरण घेऊन, पेशवाईच्या उत्तरकाळांत शाई व लेखणी यांनीं चित्र काढण्यास शिकणाऱ्या मराठी माणसास काय अवगत होतें व काय नव्यानें शिकावें लागलें, याचा विचार कर्तव्य आहे.

२. प्रथम कालक्रम पाहूं. चार्लस वॉर मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट १७८६ सालीं पुण्याच्या दरबारीं आला. मुळामुठेच्या संगमावर त्याचें ठाणें होतें. येथील लेणीं, देवालयें व चालीरीति यांचीं चित्रें जमविण्याची त्यास हौस होती. जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चितारी १७९१ सालीं मुंबईस उतरला व १७९२ सालीं पुण्यास आला. त्यानें काढलेलें सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटींत आहे. मॅलेटच्या प्रेरणेनें शनिवारवाड्यांत चित्रकलेची शाळा निघाली, असें दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं आपल्या पुण्याविषयींच्या इंग्रजी ग्रंथांत नमूद केलें आहे. या शाळेंतील शिष्य म्हणून गंगारामाचें नांव सर्वश्रुत आहे. त्याचीं चित्रें आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहांत आहेत.

३. गंगाराम हा वेल्सचा शिष्य असें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. त्यास एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें गंगारामानें काढलेलें चित्र १७९० च्या नोव्हेंबरचें आहे. त्या वेळीं वेल्स हिंदुस्थानांत आलेलाही नव्हता. म्हणजे मॅलेटच्या पदरीं काम करूं लागण्याइतका हात गंगारामानें वेल्सपूर्वींच कमावलेला होता. वेल्सकडे तो कोरा आला नाहीं, तयार हातानें आला. सबब त्याच्या शिक्षणाचा आरंभ युरोपियन चिताऱ्यापाशीं न शोधतां पुण्याच्या घरींदारीं व कारखान्यांत शोधला पाहिजे.

४. ही तयारी कशी होत असे? लेखणी हातीं धरणारा मुलगा प्रथम धूळपाटीवर अक्षर गिरवी व मग बोरूकडे वळे. बोरूचें टोंक तिरपें छाटलेलें असतें. त्यामुळें हात न दाबतां केवळ दिशा बदलली कीं रेषा जाड अथवा बारीक होते. मोडी लिहिणारा आधीं कागदावर आडवी रेषा ओढून घेई व अक्षरें तिला लोंबत सोडी. चिटणिसी, बिवलकरी इत्यादि वळणें याच शिस्तींतून निपजलीं. अशा रीतीनें न थांबतां एकसारखी रेषा ओढणें, वळणावर हात हलका करणें व शाई संपत आली हें रेषेवरून ओळखणें हे तिन्ही गुण लिहिणाऱ्याच्या अंगीं असत. लेखणीचित्रण शिकणारा आजही पहिले कित्येक दिवस याच तीन गोष्टींसाठीं घालवितो.

दुसरी तयारी धंद्याची. तांबट हें आडनांव जातिवाचक आहे, व पुण्यास कसब्यांत तांबट आळी प्रसिद्ध आहे. पत्र्यावर नक्षी कोरणाऱ्यास टांकी उचलण्यापूर्वीं रेषा मनांत पुरी करावी लागते, कारण चुकली तर ती पुसतां येत नाहीं. शाईच्या रेषेसही हाच नियम लागू आहे. या समाजांत वाढलेल्या मुलाच्या डोळ्यांस हा नियम लहानपणींच परिचित होई.

तिसरी तयारी चिताऱ्यांच्या परंपरेची. या परंपरेंत नवशिका जुन्या चित्राचा चरबा घेई, रेषांवर सुईनें भोकें पाडी व त्यांतून कोळशाची पूड झाडून खाली आकृति उमटवी. मग ती खारीच्या केसांच्या कुंचलीनें पक्की करी. यांत अनुकरण पुष्कळ होतें, परंतु त्यायोगें प्रमाण डोळ्यांत बसे.

५. आतां नवें काय होतें तें पाहूं. आमच्या चित्रांत रेषा ही आकृतीची सीमा असते. उजेड कोणत्या बाजूनें येतो हा प्रश्न तींत फारसा उद्भवत नाहीं. वेल्सच्या पद्धतींत हा प्रश्न पहिला. शिसपेनीनें आराखडा, त्यावर लेखणीनें शाईची रेषा, व शेवटीं पाणी घातलेल्या शाईचे कुंचल्यानें दिलेले फिके-गडद थर, असा तिचा क्रम होता. यांतील मधली पायरी गंगारामास परिचित होती. पहिली व तिसरी त्यास नव्यानें शिकावी लागली. शिवाय यथादर्शनाचा, म्हणजे लांबची वस्तु लहान व समांतर कडा दूरवर एकवटत जाणाऱ्या दाखविण्याचा, नियम शिकावा लागला.

हें शिकण्यास वेरूळ व कार्ले यांहून कठीण पाठ नव्हता. वेरूळच्या विश्वकर्मा लेण्यांत, ज्यास लोक सुताराचें झोंपडें म्हणतात, पाषाणांत कोरलेल्या कमानदार फांसळ्या आंतवर जातात. स्तूपापुढें मूर्ति आहे व उजेड केवळ दर्शनी बाजूनें येतो. अशा ठिकाणीं केवळ बाह्यरेषा काढल्यास फांसळ्या सपाट भिंतीवरील पट्ट्यांसारख्या दिसतील. छायेचे थर पडल्यावांचून पोकळी दिसणार नाहीं. गंगारामाच्या लेण्यांच्या चित्रांत लेखणीची रेषा व शाईचा फिका थर हीं दोन्ही एकत्र आलीं आहेत. एका हातांत दोन शिक्षणें कशीं नांदलीं, हें तेथें पाहावें.

६. त्याच्या कामाची योग्यता तत्कालीन विद्वानांसही पटली होती. मॅलेटनें वेरूळच्या लेण्यांचें वर्णन डिसेंबर १७९४ मध्यें पुण्याहून गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यास पाठविलें, व तें 'एशियाटिक रिसर्चेस' च्या सहाव्या खंडांत चित्रांसह प्रसिद्ध झालें. कोरीव रेषेंत शाईचे थर जसेच्या तसे छापतां येत नसल्यामुळें कोरक्यानें तांब्याच्या पत्र्यावर त्यांच्या पुन्हा रेषा केल्या. तांबटाच्या चित्रास अखेर तांब्याचा आधार मिळाला, हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

परंतु शाळा टिकली नाहीं. ऑक्टोबर १७९५ मध्यें सवाई माधवराव वारले, त्याच वर्षीं वेल्सही वारला, व १७९७ सालीं मॅलेट पुणें सोडून गेला. आश्रयदाता, शिक्षक व प्रेरक हे तिघेही दोन वर्षांच्या आंत नाहींसे झाल्यावर शिष्यपरंपरा उभी राहण्यास अवकाश कोठून असणार? पुढें मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई यांच्या नांवाची कलाशाळा निघाली ती १८५७ सालीं. मधल्या साठ वर्षांत पुण्याच्या या प्रयोगाचा धागा कोणाच्या हातीं राहिला असल्यास तो खासगी दप्तरांतच असणार.

७. म्हणून संग्राहकांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. चित्राचा तुकडा सांपडल्यास प्रथम कागद उजेडासमोर धरावा. देशी कागदांत गवताच्या जाळीच्या बारीक रेषा दिसतील, पाणचिन्ह असणार नाहीं. विलायती कागदांत कारखानदाराचें चिन्ह व १७९४ पासून पुढें पुष्कळदां सनही आढळतो. तो सन म्हणजे त्या कागदाची अलीकडची नव्हे, अलीकडे येण्याची पहिली मर्यादा होय. त्यापूर्वीं चित्र निघालेलें असूं शकत नाहीं.

नंतर शाई पाहावी. काजळ व डिंक घोटून केलेली शाई काळीच राहते. हिराकस व हिरड्यासारखा तुरट पदार्थ यांची शाई कालांतरानें तपकिरी होते व रेषेच्या जागीं कागद खाऊन टाकते. काजळाच्या शाईंतील डिंक पाण्यानें पुन्हा सुटतो. सबब असे कागद धुऊन स्वच्छ करण्याच्या भरीस कोणीं पडूं नये. धूळ जाईल, पण तिजबरोबर चित्रही जाईल.

शेवटीं रेषा पाहावी. शिकणाऱ्याचा हात वळणावर थबकतो व तेथें शाईचा ठिपका सांचतो. एकच बाहेरची कड तो दोनतीनदां ओढतो. खालीं कोळशाचे कण अथवा सुईचीं भोकें असल्यास तो चरब्यावरून शिकला. शिसपेनीचा आराखडा व पाण्याचे थर असल्यास नव्या पद्धतीचा वारा त्यास लागला होता. दोन्ही खुणा एका पानावर मिळाल्यास तें पान विशेष जपावें.

८. मोठ्या चित्रांची नोंद संग्रहालयें ठेवतात. गिरविलेलीं पानें मात्र वहीच्या पुठ्ठ्यांत, पोथीच्या वेष्टनांत व रुमालाच्या तळाशीं पडलेलीं असतात. रुमाल सोडतांना तीं वेगळीं काढून, ज्या रुमालांत मिळालीं त्याचें नांव व त्यांच्या शेजारचे कागद यांची टीप तेथेंच करून ठेवावी. ठिकाण तुटलें कीं अशा पानाचा काळ ठरविणें दुरापास्त होतें. गंगारामाबरोबर त्या शाळेंत आणखी कोणाचे हात वळले, हें कळण्याचा दुसरा मार्ग नाहीं.