मोबाइलच्या आवाजाचं आजोळ

पुण्यात शिवाजीनगरला शिमला ऑफिस चौक आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथे आलं आणि ते नाव इमारतीला, मग चौकाला चिकटलं. मोबाइलवरचा आवाज आटोपशीर करून पाठवणाऱ्या गणिताचा माग काढताना मी याच खात्याच्या एका जुन्या प्रमुखापाशी येऊन थबकलो.

सर गिल्बर्ट वॉकर हे त्यांचं नाव. रँग्लर परांजप्यांना १८९९ मध्ये केंब्रिजला जो पहिल्या क्रमांकाचा मान मिळाला, तो वॉकर यांनी दहा वर्षं आधी मिळवला होता. १९०४ ते १९२४ ते हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. १८९९च्या भीषण दुष्काळानंतर सरकारला मान्सूनचा अंदाज हवा होता. वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी गोळा केल्या आणि कारकुनांकरवी त्यांचे सहसंबंध काढायला घेतले. आज एल निनोच्या जोडीनं ज्याचं नाव येतं ते हवेच्या दाबाचं ‘दक्षिणी आंदोलन’ त्यातूनच हाती लागलं.

आता एक वळसा. १९२७ मध्ये उडनी यूल हे संख्याशास्त्रज्ञ सूर्यावरच्या डागांच्या वार्षिक नोंदींशी झुंजत होते. डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं, पण कधी लवकर येतं, कधी रेंगाळतं. यूल यांनी एक चित्र उभं केलं: खोलीत लंबक डोलतोय, मुलं आत शिरतात आणि त्याला वाटाणे मारू लागतात. लंबकाचा मूळ ताल राहतो, पण प्रत्येक वाटाण्यानं थोडा ढळतो. म्हणून त्यांनी नवा आकडा मागच्या दोन आकड्यांवरून बांधला आणि उरलेली चूक वाटाण्यांच्या खाती टाकली. एव्हाना लंडनला परतलेल्या वॉकर यांनी १९३१ मध्ये हीच रीत दोनावर न थांबवता हव्या तितक्या मागच्या आकड्यांपर्यंत नेली आणि ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदराच्या हवेच्या दाबावर चालवून पाहिली. कुठल्या मागच्या आकड्याला किती वजन द्यायचं, हे त्या मालिकेच्या स्वतःशीच असलेल्या सहसंबंधावरून ठरवणारी ही यूल-वॉकर समीकरणं.

आता ‘आ’ म्हणून सूर लांबवा. स्वरतंतू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा उघडझाप करून हवेचे धक्के देतात आणि घसा, तोंड, नाकाची पोकळी आपल्या आकाराप्रमाणे घुमते. पोकळी हा यूल यांचा लंबक, धक्के हे वाटाणे. इतकं तंतोतंत जुळणं मला अजूनही थक्क करतं.

जीएसएम मोबाइलच्या पहिल्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जात. २० मिलिसेकंदांचा एकेक तुकडा, म्हणजे १६० नमुने, घेऊन फोन त्यांचे आपसातले सहसंबंध काढी आणि त्यावरून पोकळीचं वर्णन करणारे आठ गुणक मिळवी. ते गुणक आणि धक्क्यांचा गोषवारा मिळून २६० बिट हवेत सुटत. पलीकडचा फोन त्यातून आवाज पुन्हा घडवी. साध्या डिजिटल फोनला सेकंदाला ६४,००० बिट लागत, इथे १३,००० पुरत. मोजक्या लहरींवर हजारोंची बोलणी बसवायला ही काटकसर अटळ होती.

यावर जाणकार हरकत घेतील. नॉर्बर्ट वीनर यांचं काय? विमानविरोधी तोफांसाठी त्यांनी दुसऱ्या महायुद्धात अंदाजाचं गणित मांडलं आणि पुष्कळ जण इथूनच कुळकथा सुरू करतात. वीनर मोठेच, पण त्यांचा मार्ग अखंड संकेतांचा, अवघड समाकलनांचा. तुकड्यातुकड्यांच्या नमुन्यांवर तो चालवायला नॉर्मन लेव्हिन्सन यांना १९४७ मध्ये सोपी रीत शोधावी लागली, आणि त्या रीतीनं सुटणाऱ्या समीकरणांचा साचा वॉकर यांचाच आहे. दुसरी हरकत १७९५ मध्येच अशा धाटणीची पद्धत देणाऱ्या फ्रेंच प्रोनी यांच्या नावानं. त्यांच्या पद्धतीत वाटाणेच नाहीत, म्हणून ती मी बाजूला ठेवतो.

तिसरी हरकत खरी भारी. आवाजासाठी ही रीत आणणारे बेल प्रयोगशाळेतले बिष्णू अटल मूळचे कानपूरचे, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले आणि शिकवलेले. त्यांनी स्वतः सांगितलंय, की १९६६ मध्ये ब्रुकलिनला एका अभ्यासक्रमासाठी वाचन करताना चित्रांच्या प्रक्षेपणासाठी सुचवलेली अंदाजी पद्धत त्यांच्या नजरेस पडली. त्याच सुमारास जपानमध्ये इताकुरा आणि साइतो स्वतंत्रपणे, संख्याशास्त्राच्या वाटेनं तिथेच पोचले. अटल यांना सूत्र वॉकर यांच्याकडून मिळालं असा माझा दावा नाही. पण दोन खंडांत दोन वाटांनी निघालेली माणसं त्याच समीकरणांशी येतात, तेव्हा ती आधी लिहून ठेवणाऱ्याचा मान मोठा, असं माझं ठाम मत आहे.

आजच्या फोरजीवरच्या स्वच्छ आवाजाच्या पद्धतीत आठाचे सोळा गुणक झाले, समीकरणं तीच राहिली. अभियांत्रिकीच्या वर्गात ती शिकवली जातात, तेव्हा फळ्यावर ‘वॉकर’ एवढंच लिहिलं जातं. शिक्षकांना विनंती, की हे वॉकर वीस वर्षं आपल्या पावसाचा हिशेब मांडत होते, एवढं एक वाक्य तिथे जरूर सांगावं.