अनाथ कोणास म्हणावे?

इतिहास शिकविणाऱ्या मास्तराच्या नशिबी सनावळ्या असतात आणि विद्यार्थ्यांच्या नशिबी त्या पाठ करणे! उंद्रीच्या शाळेत मी पानिपत शिकवितो, पुरंदरचा तह शिकवितो. मुले ऐकतात, वहीत उतरवून घेतात आणि परीक्षा झाली की विसरून जातात. परंतु एक सन असा आहे की तो ऐकला म्हणजे वर्ग क्षणभर गप्प होतो. तो सन १५५९. ही कोणत्याही लढाईची तारीख नव्हे. एका कायद्याची आहे.

त्या वर्षी मार्च महिन्यात पोर्तुगालच्या राजाच्या नावाने गोव्यासाठी एक हुकूम निघाला. गोवे शहर व भोवतालची बेटे यांतील ज्या हिंदू मुलांना आई, बाप, आजा, आजी यांपैकी कोणीही उरलेले नाही आणि ज्यांना अजून समज आलेली नाही, अशांना ताब्यात घ्यावे, जेझुइट पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजात ठेवावे व तेथे बाप्तिस्मा द्यावा, असा तो हुकूम होता. वरवर पाहता कोणास हे दयेचे कामही वाटेल. परंतु चुलता, मामा, आत्या, मावशी ही माणसे त्या कायद्याच्या हिशेबी नव्हतीच! आईबाप गेले तरी आमच्याकडे पोर मामाच्या घरी वाढते, चुलतीच्या हातचे जेवते. त्याला अनाथ कोण म्हणेल? पुढे तर अनाथ शब्दाची व्याख्याच पालटली. ज्याचा बाप वारला तो अनाथ; मग आई जिवंत असली तरी काय झाले? म्हणजे नवऱ्याच्या चितेची राख निवण्यापूर्वीच विधवेने पोटच्या गोळ्यासाठी दाराकडे पाहत बसावे!

आणि ज्याच्या नावाने हा हुकूम निघाला तो राजा सेबॅस्टियन कोण होता? अवघे पाच वर्षांचे पोर! त्याचा बाप त्याच्या जन्मापूर्वीच वारला होता, आई तान्ह्याला मागे ठेवून माहेरी स्पेनला गेली होती आणि कॅथरिन ही त्याची आजी त्याच्या वतीने राज्य पाहत होती. गोव्यात पुढे लागू झालेली व्याख्या लिस्बनला लावली असती, तर सर्वांत आधी राजालाच आजीच्या मांडीवरून उचलावे लागले असते.

गोव्याच्या माणसांनी मग काय केले? ज्यांना जमले ते मुलेबाळे घेऊन, रातोरात नदी ओलांडून आदिलशाही मुलखात गेले. देवही गेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. आज आपण यात्रेला जातो, ती ही देवळे म्हणजे एका काळी निर्वासितांची बिऱ्हाडे होती.

ज्यांनी धर्म बदलला ते तरी सुटले काय? मुळीच नाही. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले आणि मधली काही वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. त्याचा मुख्य रोख होता तो धर्म बदललेल्यांवरच. गार्सिया द ओर्ता या वैद्याची कथा ऐका. त्याचे आईबाप यहुदी. १४९२ साली स्पेनने यहुद्यांना हाकलले तेव्हा ती पोर्तुगालात आली. १४९७ साली तेथील राजाने यहुद्यांची चौदा वर्षांखालील मुले हिसकावून त्यांना बाप्तिस्मा देवविला आणि मग थोरांनाही सक्तीने ख्रिस्ती केले. गार्सिया १५३४ साली हिंदुस्थानात आला. आपला आंबा, आपला नारळ, आपले विड्याचे पान यांवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. १५६८ साली तो वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० साली गार्सियाची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली! सक्तीच्या बाप्तिस्म्याला तोवर ८३ वर्षे झाली होती. सक्तीचे धर्मांतर एका दिवसात संपत नाही, ते असे.

१७३६ सालचा त्या न्यायालयाचा जाहीरनामा तर थेट स्वयंपाकघरात शिरला. ख्रिस्ती झालेल्यांनी अंगणात तुळस लावू नये, हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये, पुरुषांनी धोतर व बायकांनी चोळी वापरू नये, लग्नात ओव्या म्हणू नयेत! ज्या घरात भाताच्या मिठाचीही चौकशी होते, तेथे शेजारीण शेजारणीवर आणि मूल आईवर तरी विश्वास कसा ठेवणार?

आमच्या बाजूनेही एक दार बंद होते, हे सांगितले पाहिजे. ज्याच्यावर सक्ती झाली त्यालाच आम्ही बाटलेला म्हणत असू आणि परत घेत नसू. नेताजी पालकराला औरंगजेबाने १६६७ साली मुसलमान केले, महंमद कुलीखान नाव दिले. नऊ वर्षांनी तो परत आला तेव्हा त्याला शुद्ध करून घेण्यास शिवाजीमहाराज पुढे व्हावे लागले. सामान्य माणसाला असा वाली कोठून मिळावा?

गोव्याचे आजचे ख्रिस्ती बांधव आपला धर्म प्रेमाने पाळतात. त्यांच्याकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. छळ सोसला तो त्यांच्याही पूर्वजांनीच. शिवाय धर्म बदलणे हा गुन्हा नव्हे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी आकांत केला, त्या वेगळ्या राहिल्या. पुढे पतीकडे आल्या तरी हिंदूच होत्या. स्वतःच्या मनाला पटले तेव्हा, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले त्यांना ते सारे ठाऊक आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे विचारांत गेली. एकीकडे ही एकवीस वर्षे, आणि दुसरीकडे अजून समज न आलेले ते पोर!

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. हा शब्द उच्चारताना आमच्या वर्गातली मुले अडखळतात. मी तो फोड करून सांगतो: बरे काय, वाईट काय, हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि ते ठरविण्याइतके मोठे होईपर्यंत मुलाने आपल्या माणसांत वाढायचे. दिवाळीमागून तुळशीचे लग्न येईल. घरातल्या मुलांच्या हाती अक्षता देताना, ह्याच रोपट्यावर एके काळी सरकारी बंदी होती, एवढे त्यांना अवश्य सांगावे.