कॅमेऱ्यासमोरचं आरमार

मंडळी, कोल्हापुरात समुद्रावरच्या लढाईच्या फोटोंवर बोलायचं ठरलं, तेव्हा आम्हालाही प्रश्न पडला होता की पंचगंगेच्या काठावर बसून आरमाराशी आपला संबंध काय? पण आंबा घाट उतरला की रत्नागिरी जिल्हा लागतो, आणि दुसऱ्या महायुद्धाआधी रॉयल इंडियन नेव्हीचे बहुतेक खलाशी त्याच जिल्ह्यातून भरती व्हायचे. युद्ध पेटल्यावर ते पुरेनात. मग समुद्र कधीही न पाहिलेली पोरं देशभरातून आणावी लागली. त्यांना समुद्र दाखवायचा कसा? चित्रांतून आणि फोटोंतून.

आता गंमत अशी, की समुद्रावरच्या लढाईत फोटो काढण्यासारखं फार थोडं असतं. शत्रूचं जहाज क्षितिजावर ठिपक्याएवढं. पाणबुडी तर दिसतच नाही. म्हणून प्रचाराचे फोटो बहुतेक लढाईचे नसतातच, ते तयारीचे असतात. तोफ पुसणारा खलाशी, दुर्बीण लावलेला टेहळ्या, निशाणांचे इशारे शिकणारे रिक्रूट. राजघराण्याचे आणि फॅशनचे फोटो काढणारा सेसिल बीटन १९४४ मध्ये ब्रिटिश माहिती मंत्रालयासाठी हिंदुस्थानात फिरला. कलकत्त्याच्या नौदल तळावर त्यानं असेच नौसैनिक टिपले. फोटो देखणे आहेत, यात वाद नाही.

एका फोटोपाशी आम्ही जरा थांबणार आहोत. जून १९४५ ची सुरुवात, स्कॉटलंडमधलं रोसाइथ. स्त्रियांच्या नौदल सेवेतल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन साडीत उभ्या आहेत, शेजारी गणवेशात चीफ ऑफिसर मार्गारेट कूपर. या फोटोत खोटं काहीच नाही. दोघी खरोखर अभ्यासदौऱ्यावर गेल्या होत्या, आणि कल्याणीबाईंचं कर्तृत्व खरंच मोठं होतं. पण हा फोटो जगाला सांगतो काय? हिंदुस्थान राजीखुशीनं आमच्याबरोबर उभा आहे! तो काढला तेव्हा नेहरू १९४२ पासून तुरुंगातच होते. ते सुटले १५ जूनला. प्रचाराच्या फोटोला खोटं बोलावं लागत नाही. चौकट कुठं संपवायची एवढं त्याला कळलं की पुरतं.

आणि भरतीच्या जाहिराती पाहून आलेल्या त्या पोरांचं पुढं काय झालं? १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’वरच्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवण नाकारलं आणि उठाव पेटला. भरतीच्या वेळी दाखवलेली स्वप्नं फोल निघाली, हीही त्यांची एक तक्रार होती.

यात आपल्या गावच्या माणसाचाही हात होता, तो लपवायचं कारण नाही. सरकारनं १९४० मध्ये फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड काढलं. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले आपले व्ही. शांताराम काही काळ त्याचे मुख्य निर्माते होते. पुढं ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आली, ‘इंडियन न्यूज परेड’ आली, आणि १९४३ पासून ब्रिटिश मुलखातल्या थिएटरांना सरकारमान्य फिल्म दाखवणं सक्तीचं झालं. म्हणजे पिक्चरला गेलात की आधी युद्ध बघा!

कधी कधी फोटोच नसतो, तेव्हा गोष्टीवर भागवतात. ११ नोव्हेंबर १९४२ ला हिंदी महासागरात आपल्या नौदलाची ‘बेंगाल’ ही जेमतेम ६५० टनांची सुरुंग काढणारी नौका आणि ‘ओंडिना’ हे डच तेलवाहू जहाज यांच्यावर दोन जपानी जहाजं चालून आली, प्रत्येक दहा हजार टनांच्या वर. त्यातलं ‘होकोकू मारू’ बुडालं. प्रचारात श्रेय ‘बेंगाल’ला मिळालं. गोळा नेमका कुणाचा लागला, हा वाद मात्र अजून चालतो.

आता मुंबईकडं येऊ. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ उभं. एकाच जहाजात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १४०० टन दारूगोळा! दुपारी आग लागली. चारनंतर पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. शेकडो माणसं गेली, गोदीलगतची वस्ती जळाली, ६६ अग्निशामक जागीच राहिले. युद्ध आपल्या किनाऱ्यावर याच्याइतकं कधी आलं नव्हतं. पण यात शत्रू नव्हता, होता तो आपल्याच कारभाराचा गलथानपणा. त्यामुळं या चित्राचा सरकारला काही उपयोग नव्हता, उलट अडचणच होती.

आणि चित्र तर होतं! सुधीश घटक, म्हणजे ऋत्विक घटकांचे थोरले भाऊ, कॅमेरामन. त्यांनी स्फोट आणि नंतरचा विध्वंस फिल्मवर घेतला होता. लष्करी अधिकाऱ्यांनी ती फिल्म जप्त केली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, सगळा तपशील जगाला ऐकवला. वार्ताहरांना बातमी पाठवायची परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे शत्रूला ठाऊक होतंच. मग ही झाकपाक कुणापासून, याचा तुम्हीच विचार करा.

घटकांच्या फिल्मचे काही तुकडे पुढं न्यूजरीलमध्ये दाखवले गेले. बाकीच्या फिल्मवर काय होतं, ते कात्री धरणाऱ्यांनी पाहिलं. १४ एप्रिलला आपल्याकडं अग्निशमन दलाचे जवान त्या ६६ जणांना मानवंदना देतात, ती यंदा जाऊन बघा. आम्ही इथं थांबतो. आता प्रश्न घेऊ या.